माउंटखालची ओळ

गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. खरं तर ते मामा होते एकाच मुलीचे, धाकट्या बहिणीच्या मुलीचे. पण ती रोज शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवरूनच "मामा!" अशी आरोळी ठोकायची, आणि ती ऐकून ऐकून आधी शेजारचा चपला दुरुस्त करणारा, मग पोस्टमन आणि शेवटी गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणायला लागली. साहजिकच त्यांच्या बायकोच्या मामी झाल्या. मुलगी अकरा वर्षांची होती. पायरी चढली की तिचे प्रश्न सुरू होत ते आई रुग्णालयातली ड्यूटी संपवून तिला न्यायला येईपर्यंत थांबत नसत. म्हणून मामांनी तिचं नाव चौकशी ठेवलं होतं, आणि तिनेही ते आनंदाने घेतलं होतं.

दुकान फ्रेम करण्याचं. लांबट खोली, डाव्या भिंतीशी लाकडी पट्ट्या उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या, समोर मामांचं टेबल आणि त्यावर कोन साधून कापायची हाताची करवत. उजवीकडे मामींचं टेबल. त्या काच कापत, आणि काच कापताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. चौकशीही तेवढा एक नियम पाळायची.

मामा बावन्न वर्षांचे होते आणि तीस वर्षं करवत ओढत होते. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, "करवत जितकी लवकर सोडाल तितका हात तुमचा. नाहीतर पुढे केस विंचरायलासुद्धा वर जाणार नाही."

"केस राहिलेत कुठे?" शेजारी बसलेल्या मामी म्हणाल्या.

त्यावर डॉक्टरांसकट तिघंही हसले, पण घरी येताना दोघं मनातल्या मनात हिशेब करत होते. मूलबाळ नव्हतं, दुकान पुढे चालवणारं कुणी नव्हतं, आणि जागा भाड्याची. करवत सोडायची तर रोजचा खर्च कुठून काढायचा? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते मामांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

लोक भिंतीवर लग्नाचे फोटो टांगतात, पदव्या टांगतात. मामांनी आपल्या बचतीचं वार्षिक पत्रक टांगलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका म्युच्युअल फंडात दरमहा पाच हजार टाकायला सुरुवात केली. तोवर त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. आला की गेला. म्हणून पहिलं पत्रक आलं तेव्हा ते म्हणाले, "हे डोळ्यांसमोर राहिलं तर हात आखडेल," आणि त्यांनी त्याची फ्रेम केली. तीही साधीसुधी नाही. कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा कोरलेला चौकोन बसवतात, त्याला माउंट म्हणतात. त्याने आतला कागद उठून दिसतो. मामांनी सुरेख फिकट राखाडी माउंट कापला. त्यातून मधोमध दिसायची एकूण रक्कम, ठळक अक्षरांत. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांच्या ओळी होत्या, मुंग्यांची रांग चालल्यासारख्या. त्या दिसल्या असत्या तर चौकटीची सगळी शोभा गेली असती. शेवटी नजर फ्रेमवाल्याची. त्यांनी माउंट खालच्या बाजूला दोन बोटं रुंद ठेवला आणि मुंग्या झाकून टाकल्या.

दर वर्षी नवं पत्रक आलं की मामा फ्रेम उतरवत, मागचे खिळे उपसत, जुना कागद काढून नवा घालत. माउंट तोच. अकरा वर्षं तोच.

या वर्षीचं पत्रक आलं त्या दिवशी मामांचा खांदा धरला होता, म्हणून खिळे उपसायचं काम चौकशीला मिळालं. तिने पक्कड घेतली, जीभ बाहेर काढली आणि एकेक खिळा मोजून बशीत टाकला. मग पाठीचा पुठ्ठा उचलला, जुनं पत्रक बाजूला ठेवलं आणि नवं माउंटखाली सरकवण्याआधी, तिच्या स्वभावाप्रमाणे, वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

"मामा, वार्षिक खर्च दोन पूर्णांक एक टक्के. हा कसला खर्च?"

"कुठे लिहिलंय?"

"हे काय, खाली. जुन्यात पण आहे. तू झाकलंस ना ते."

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "असेल काहीतरी. आपल्याला त्याचं बिल कधी आलं नाही."

"बिल आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत?"

"मग काय? मी फ्रेम केली की पावती देतो, पैसे घेतो. पावती नाही, पैसे नाहीत."

"टक्केवारी आम्हाला याच महिन्यात शिकवली," चौकशी म्हणाली आणि वहीचं मागचं पान उघडलं. एकूण रक्कम होती नऊ लाख ऐंशी हजारांच्या थोडी वर. तिने हिशेब सोपा जावा म्हणून दहा लाख धरले. "शंभरामागे दोन पूर्णांक एक. म्हणजे हजारामागे एकवीस. म्हणजे दहा लाखांमागे…" ती थांबली, पुन्हा एकदा शून्यं मोजली. "एकवीस हजार. एका वर्षाला."

मामींनी काच कापायचं हत्यार खाली ठेवलं. दुकानाचं भाडं महिन्याला सात हजार होतं. "तीन महिन्यांचं भाडं?" त्या म्हणाल्या. "शून्य जास्त पडलं असेल गं."

"नाही पडलं. मोजून बघ."

मामींनी मोजलं. शून्य जास्त पडलं नव्हतं.

मामा हसले, पण नेहमीसारखं नाही. "अगं, एकवीस हजार कुणी माझ्या खिशातून काढले असते तर मला कळलं नसतं होय? विचारूच आपण." त्यांनी पत्रकावरचा फोन नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. बऱ्याच वाजंत्रीनंतर एका मुलीचा आवाज आला.

"बोला सर, काय मदत करू?"

"मी अकरा वर्षं तुमच्याकडे पैसे टाकतोय. हा दोन पूर्णांक एक टक्के खर्च लिहिलाय, तो मी कधी भरला?"

"तो तुम्ही भरत नाही, सर. फंडातूनच वजा होतो. रोज थोडा थोडा."

"रोज?"

"हो सर. पत्रकावर जी रक्कम दिसते ना, ती खर्च वजा जाऊनच दिसते. म्हणून वेगळं बिल येत नाही."

"रविवारीसुद्धा कापता?" मामींनी पलीकडून विचारलं.

मुलगी हसली. "रविवारीसुद्धा, मॅडम."

"मग यापेक्षा स्वस्त काही नाही का तुमच्याकडे?" मामांनी विचारलं.

फोनवरच्या मुलीने आवाज जरा उतरवला. "विचारलंत म्हणून सांगते, सर. आमचाच एक इंडेक्स फंड आहे. त्यात ही कंपनी चांगली, ती वाईट अशी निवड करायला कुणी बसत नाही. बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या आपापल्या आकाराच्या प्रमाणात घेऊन ठेवतात, बस. थेट घेतलात तर खर्च शून्य पूर्णांक दोन टक्के."

"थेट म्हणजे?"

"मध्ये एजंट नाही. सध्याच्या खर्चात एजंटचं कमिशन धरलेलं असतं, सर."

फोन बंद झाला. चौकशीने पेन्सिल तोंडातून काढली. "एजंट म्हणजे आपले बाबाच ना?"

मामींनी काच पुसायला घेतली, ती आधीच पुसलेली होती.

तिचे बाबा, म्हणजे मामांचे भाऊजी, विमा आणि फंड विकत. अकरा वर्षांपूर्वी मामांना बचतीला लावलं ते त्यांनीच. नुसता फॉर्म भरून गेले नव्हते; पहिलं वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सायकलवरून दुकानात येत आणि पाच हजार हातात पडल्याशिवाय हलत नसत. "दादा, आज नाही म्हणालात तर मी इथेच झोपणार," असं म्हणत आणि खरोखर बाकावर आडवे होत. मामांना हे सगळं लख्ख आठवत होतं. भाऊजी नसते तर एकवीस हजार गेले नसते हे खरं, पण दहा लाखही नसते.

दुसऱ्या दिवशी चौकशी आली ती नवा प्रश्न घेऊनच. "मामा, शंभरात दोन म्हणजे फारच थोडे. बाईंनी आम्हाला सांगितलंय, शंभरात दोन मार्क कमी पडले तर रडायचं नाही."

मामांनी तीन मीटर लांबीची पट्टी टेबलावर आडवी ठेवली. मुलांना काही सांगायचं तर ते आधी हातात काहीतरी देत. "हिचे तीस-तीस सेंटीमीटरचे तुकडे कर. किती होतील?"

"दहा."

"कापून बघ."

खांदा दुखत असूनही करवत त्यांनीच ओढली, तिने फक्त दर वेळी तीस मोजून खूण केली. नऊ वेळा कापल्यावर शेवटचा तुकडा तिने मोजपट्टीला लावला आणि डोळे मोठे केले. तो अठ्ठावीस सेंटीमीटर दोन मिलीमीटर भरला.

"कुणी खाल्लं?"

"करवतीने. तिच्या पात्याला जाडी असते ना? दर वेळी कापताना दोन मिलीमीटर लाकडाचा भुसा होतो. एकदा कापलं तर कळत नाही. नऊदा कापलं की एक अख्खा तुकडा वाया जातो. नवीन माणूस ही चूक हमखास करतो. मीसुद्धा पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची फ्रेम आखूड केली होती." बोलता बोलता मामा थांबले. खाली पडलेल्या भुशाकडे पाहत राहिले. तीस वर्षं पट्टी मोजताना पात्याची जाडी आधी धरणारा माणूस, आणि स्वतःच्या पैशाला लावलेली करवत त्याने राखाडी पुठ्ठ्याने झाकून ठेवली होती, तीही स्वतःच्या हाताने.

"वही काढ," ते म्हणाले.

पत्रकाच्या तळाशी आणखी एक बारीक ओळ होती. गेल्या दहा वर्षांत हा फंड दरसाल सरासरी सहा पूर्णांक नऊ टक्क्यांनी वाढला. संपूर्ण बाजार नऊ टक्क्यांनी. चौकशीने पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे सध्याचा फंड, सहा पूर्णांक नऊ; उजवीकडे स्वस्तातला, बाजाराच्या नवातून खर्च वजा जाता आठ पूर्णांक आठ. दोन्हीकडे सुरुवातीला दहा लाख, दोन्हीकडे दर वर्षी नवे साठ हजार. बाजार पुढेही नऊ टक्क्यांनीच वाढेल असं कुणी सांगितलेलं नाही, हे मामांनी तिला दोनदा बजावलं. कमी वाढेल, कधी पडेलही. पण तो पडला तर दोन्ही रकान्यांत पडणार, करवत मात्र एकाच रकान्यात जाड. मग दोघं कॅल्क्युलेटर घेऊन दहा वर्षं पुढे, मामांच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत गेले; तोवर करवत ओढायचीच असं मामांनी धरलं होतं. तिसऱ्या वर्षी एक चूक झाली, ती मामींनी पकडली. शेवटी डावीकडे आले पावणेअठ्ठावीस लाख. उजवीकडे सव्वाबत्तीस.

"साडेचार लाखांचा फरक," चौकशी म्हणाली. तिला गणित सुटल्याचा आनंद झाला होता.

मामी घरखर्चाची वही ठेवत. महिन्याला अठरा हजार. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "पंचवीस महिने," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. म्हणजे बासष्टला नाही, साठाव्या वर्षी करवत खाली ठेवता येईल."

मामांनी नकळत डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला.

चौकशीला आई घेऊन गेली तशी नवराबायकोची जुंपली. आवाज न चढवता जुंपायची त्यांना सवय होती, कारण दुकानाला दार नव्हतं, नुसतं शटर.

"फॉर्म आणा आणि बदला," मामी म्हणाल्या.

"आणि भाऊजींना काय सांगू?"

"जे आहे ते."

"ते म्हणतील, मी चोर आहे का?"

"चोर म्हणायचंच नाहीये. पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दोन वर्षं जास्त करवत ओढणार? मग खांदा धरलेल्या दिवशी ते येणार आहेत का ओढायला?"

"आले असते," मामा म्हणाले. "त्या वर्षी आले होते ना दर महिन्याला."

यावर मामी आणखीच चिडल्या. "मग त्यांना न कळवता बदला."

"बहिणीच्या नवऱ्याच्या पाठीमागे? ते जमणार नाही."

"तर मग तोंडावर सांगा. तिसरा रस्ता असला तर मला दाखवा."

तिसरा रस्ता नव्हता. मामांनी आठवडाभर शोधून पाहिला.

रविवारी दुकान अर्धा दिवस असे. बारा वाजता भाऊजी चौकशीला घेऊन आले. सायकल जाऊन आता स्कूटर आली होती, पोटही जरा सुटलं होतं, पण बाकावर बसायची ऐट तीच. चहा झाला. भाऊजींनी भिंतीकडे पाहून विचारलं, "काय हो दादा, आमचं झाड कुठे गेलं?" फ्रेमला ते झाड म्हणत.

"उतरवलंय," मामा म्हणाले. त्यांनी वही उघडून पुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, खिळ्यांपासून. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

भाऊजींनी दोन्ही रकाने शेवटपर्यंत वाचले. मग कान लाल झाले. "म्हणजे मी तुम्हाला फसवलं."

"तसं मी म्हटलं का?"

"वेगळं काय म्हटलंत? अहो दादा, कमिशन जगात सगळे घेतात. आणि इंडेक्स फंड म्हणजे काय? मेंढरांचा कळप! सगळ्यांच्या मागे मुकाट चालायचं. आपल्या फंडात शिकलेली माणसं बसलीत, दिवसरात्र अभ्यास करतात."

"अभ्यास करून सहा पूर्णांक नऊ," मामी म्हणाल्या. "मेंढरांना आठ पूर्णांक आठ."

"वहिनी, बाजार पडला की बघा मेंढरं कशी पळतात."

"तेव्हा आपला फंड पडणार नाही?"

"पडेल," भाऊजी म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पडेलच. पण मी तुम्हाला धीर द्यायला असेन ना? मधल्या मंदीत तुम्ही सगळं विकायला निघाला होतात. कुणी थांबवलं?"

"तुम्ही," मामा म्हणाले. "ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर हे तुमच्यासमोर बोलतोय. तुम्ही काम केलंत, त्याची मजुरी तुम्हाला मिळायलाच हवी. माझ्याकडून रोख घ्या, सांगाल तेवढी. पण भाऊजी, मी एखाद्याची फ्रेम करून दिली की एकदा पैसे घेतो. ती भिंतीवर लटकली आहे म्हणून दर वर्षी त्याच्या घरी जाऊन पुन्हा घेत नाही. आणि फ्रेम मोठी होत गेली म्हणून जास्तही घेत नाही."

"फ्रेम मोठी होत नसते."

"तेच म्हणतोय."

भाऊजी उठले. तेवढ्यात, इतका वेळ वहीत काहीतरी खरडत बसलेल्या चौकशीने मान वर केली. "बाबा, माझ्या कॉलेजचे पैसे कुठल्या फंडात आहेत?"

"याच. बघा दादा! स्वतःच्या मुलीचे पैसे मी याच फंडात ठेवलेत. फसवणारा माणूस असं करेल?"

"पण मग तुमचं कमिशन तुम्हालाच मिळतं?"

"अर्थात. माझेच पैसे मला परत. म्हणजे मला फुकटच पडतं."

"दोन पूर्णांक एकपैकी तुम्हाला किती मिळतात?"

"एक."

"मग उरलेले एक पूर्णांक एक?"

भाऊजींनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. कमिशनचा एक टक्का त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता, कारण तो त्यांच्या खात्यात येत असे. उरलेला जो कधी कुणाच्याच हातात दिसला नाही, त्याच्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते "चल" एवढंच म्हणाले, मुलीला स्कूटरवर बसवलं आणि निघून गेले. वही टेबलावरच राहिली.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. चौकशी मात्र रोज यायची. बाबा घरी गप्प असतात, एवढंच ती सांगायची आणि दुसरं काही विचारायला लागायची. मामांची बहीण तिला न्यायला आली की पायरीवरूनच हाक मारायची, पूर्वीसारखी आत येत नसे. एकदा मात्र म्हणाली, "दादा, ते रागावलेत की लाजलेत, मला कळत नाहीये. तू जरा थांब." मामा थांबले. फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता, पण भरला नाही. मामी रोज सकाळी तो झटकून पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवत, आणि हे मामांना भांडणापेक्षा जड गेलं. त्या पंधरा दिवसांत एका शाळेचं मोठं काम आलं. पन्नास नकाशे, पन्नास फ्रेमा, म्हणजे दोनशे पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोकं कापायची. दर संध्याकाळी मामी त्यांच्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवत, आणि शर्टात हात घालायला मदत लागे.

तिसऱ्या रविवारी शटर अर्ध्यावर ओढलेलं असताना भाऊजी वाकून आत आले. हातात त्यांची चामडी बॅग. चहा नको म्हणाले. मामींनी तरीही ठेवला.

"हिच्या पैशांचा हिशेब केला मी," ते म्हणाले. "तुमच्या वहीसारखाच. कॉलेज सात वर्षांवर आलंय. वीस वर्षं या धंद्यात आहे दादा, पण हा हिशेब कधी केला नव्हता. आम्हाला विकायला शिकवतात, वजाबाकी शिकवत नाहीत." त्यांनी बॅग बाकावर ठेवली. "तुमच्यावर मला वर्षाला दहा हजार मिळत होते. ते जाणार. मला ते लागतात, खोटं कशाला बोलू? घरात आम्ही बोललो. काहीतरी वेगळं बघावं लागेल. एकदाच पैसे घेऊन लोकांचे कागद नीट लावून द्यायचे, असं डोक्यात आहे. लोक देतील की नाही, देव जाणे."

"मी देतो ना. पहिलं गिऱ्हाईक."

"घरच्या माणसाकडून काय घ्यायचं?"

"अकरा वर्षं घेतच होतात की," मामी म्हणाल्या आणि चहा समोर ठेवला.

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर काय होईल सांगता येत नव्हतं. मग ते हसले, कपाळावर हात मारून घेत हसले, आणि मामींनाही हसू आवरेना.

मग कामाला लागले. भाऊजींनी नीट समजावलं. दरमहाचे पाच हजार पुढच्या महिन्यापासून नव्या फंडात. जुने पैसे एकदम विकायचे नाहीत. दोन वर्षांत थोडे थोडे हलवायचे, म्हणजे कर कमी बसतो. जो बसेल तो जुन्या फंडाच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा कमीच असेल, आणि एकदाच. "आणि बाजार पडला की मला फोन करायचा. विकायचं बटण दाबण्याआधी. त्याचे पैसे नाही घेणार."

त्यांनी फॉर्म समोर घेतला आणि भरभर लिहायला लागले. नाव, पत्ता, रक्कम. अक्षर सुरेख होतं. एका चौकोनापाशी हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी आपला सहा आकडी एजंट क्रमांक लिहूनही टाकला. लिहून झाल्यावर त्याकडे पाहत राहिले.

"खोडा," मामा म्हणाले.

"खाडाखोड केलेला फॉर्म परत येतो." भाऊजींनी तो कागद मधोमध फाडला आणि बॅगेतून दुसरा काढला. या वेळी सावकाश लिहिलं. त्या चौकोनापाशी आले, पेन उचललं, आणि तो रिकामा ठेवून पुढच्या ओळीवर गेले. मग फॉर्म फिरवून मामांसमोर ठेवला.

"सही इथे," ते म्हणाले. "आणि तारीख घाला."